मोहरीएवढं हिरवं

मेश्राम मॅडमच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा "आत ये" म्हणण्याआधी त्यांनी मला हात दाखवायला सांगितले. मी दोन्ही तळवे पुढे केले. शाळेत नखं तपासतात तसे त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "आत्ता काय खाल्लं?"

"चिवडा."

"तरीच. बेसिन तिकडे आहे. मिठाचा हात घेऊन माझ्या घरात यायचं नाही."

नागपुरात बेसा भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्या बरोबर आमच्या वर. पाण्याची मोटर केव्हा सुरू होते एवढंच मला विचारायचं होतं. तेवढ्यासाठी मी साबणाने हात धुतले, त्यांनी दिलेल्या टॉवेलला पुसले, आणि मग त्यांनी सांगितलं, "सकाळी सहाला."

त्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. उंच, काटक, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर वडिलांचं जुनं घड्याळ आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग. भाजी घ्यायला उतरल्या तरी ते भिंग गळ्यात असे. भाजीवाला त्यांना वांगी द्यायला घाबरायचा, कारण त्या प्रत्येक वांग्याचं देठ भिंगातून पाहत.

भिंग खरं तर नाण्यांसाठी होतं. त्यांच्या वडिलांना तांब्याच्या जुन्या नाण्यांचा नाद होता. पोस्टात नोकरी, खेड्यापाड्यांत बदल्या, त्यामुळे आठवडी बाजारांतून त्यांनी शिवराया, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे असं काय काय जमवलं होतं. त्यात फार मोलाचं काही नसावं. पण वडील गेल्यावर ते मॅडमकडे आलं, आणि त्याबरोबर एक भीतीही आली. त्या भीतीला त्या फक्त "हिरवं" म्हणत. तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, जसं माणसं घरात कोणी आजारी असलं की बोलतात.

"तांब्याला हिरवं दोन तऱ्हेचं येतं," त्यांनी मला एकदा सांगितलं. "एक गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेलं. ते नाण्याचं म्हातारपण. त्याला हात लावायचा नाही, उलट त्यानं आतलं तांबं सांभाळलं जातं. दुसरं फिकट पोपटी असतं, भुकटीसारखं. टूथपिक लावली की गळतं. ते थांबत नाही, वैशाली. मीठ आणि ओल मिळाली की आतून तांबं खात जातं. आणि वरून दिसतं केवढं? मोहरीएवढं."

मीठ आणि ओल, या दोन गोष्टींविरुद्ध त्यांचं अख्खं घर उभं होतं. नाण्यांची खोली वेगळी. लाकडी कपाटातूनही आंबट वाफ सुटते म्हणून स्टीलचं कपाट. प्रत्येक नाणं कागदी पाकिटात, पाकिटं डब्यांत, डब्यांत ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुरचुंड्या. बुटांच्या खोक्यांत "खाऊ नका" असं लिहिलेल्या ज्या पुड्या निघतात, त्या बिल्डिंगमधले सगळे लोक मॅडमसाठी राखून ठेवत. मॅडम त्या पुड्या फोडून दाणे एका जुन्या कढईत मंद आचेवर भाजत, म्हणजे ते पुन्हा कोरडे होत. भिंतीवर हवेतली ओल दाखवणारं एक गोल यंत्र होतं. बोलता बोलता त्यांची नजर दर थोड्या वेळानं त्या काट्याकडे जायची.

त्याच खोलीत एक छोटा एसी होता आणि त्याच खोलीत त्यांची खाट. घरात कूलर नाही. मे महिन्यात नागपुरात कूलर नसलेलं घर म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. "कूलर म्हणजे घरात मुद्दाम आणलेला पावसाळा," त्या म्हणत. आमच्याकडे आल्या की कूलरपासून लांब, दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर बसत. आणि परत जाताना सरळ वर जात नसत. जिन्याच्या मधल्या उघड्या कठड्यापाशी, जिथे गरम झळा अंगावर येतात, तिथे पदर पसरून उभ्या राहत. आमच्या कूलरची ओल पदरातून नाण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मग त्या पदराचं टोक पुन्हा पुन्हा गालाला लावून ओल गेली का ते पाहताना दिसल्या. पुन्हा कधी हसले नाही.

माझ्या माहेरून आलेला एक ढब्बू पैसा आमच्या देव्हाऱ्यात होता. दर दिवाळीला मी तो चिंच-मीठ लावून घासायची, नव्या भांड्यासारखा लखलखायचा. मॅडम देव्हाऱ्यापुढे थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण तो पैसा त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

"हे कोणी केलं?"

"मीच. चिंच लावून. छान निघतो ना?"

त्या खाली बसल्या. "अवं, तू त्याची चामडी सोलून राहिली दरवर्षी. अन् वरून मीठ चोळून राहिली!"

तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. एरवी मॅडम वर्गात बोलावं तसं स्वच्छ, पुस्तकी बोलत. घाबरल्या की त्यांची भाषा त्यांच्या लहानपणीच्या वस्तीत परत जायची. मले, तुले, काहून. त्यांच्या बोलण्यात "काहून" आलं की समजायचं, आता बाई भ्यायल्या आहेत.

तो पैसा त्यांनी वर नेला. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी काचेच्या वाटीत घेऊन त्यात तो ठेवला. रोज पाणी बदलायचं, आत मुरलेलं मीठ हळूहळू बाहेर काढायचं. पावसाळा उलटून गेला तरी तो वाटीतच. परत आला तेव्हा शांत तपकिरी झाला होता, वरून मेणाचा अगदी पातळ हात फिरवलेला. "आता याला चमकवायचं नाही," त्यांनी बजावलं. "याला फक्त कोरडं राहू दे."

आणि एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. "पाहू." गच्चीची टाकी गळते, पाहू. लिफ्टचा आवाज येतो, पाहू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी "पाहू नं मॅडम" म्हटलं की त्या उठून उभ्या राहत. "पाहू म्हणजे काय? कोण पाहणार? केव्हा पाहणार?" लोक त्यांना कटकटी म्हणत. मीही मनात म्हटलं असेल.

या सगळ्याचं मूळ मला कळलं ते एका एप्रिलमध्ये, दुपारी. त्यांच्याकडे रंगकाम निघालं होतं आणि माळ्यावरच्या सामानात वडिलांचा एक अल्बम सापडला. शेवटच्या वर्षांत वडिलांनी काही नाणी त्या प्लास्टिकच्या कप्प्यांत लावून ठेवली होती आणि तो अल्बम तिथेच राहून गेला होता.

त्यांनी वरून हाक मारली. "वैशाली, वर ये वं. लवकर ये."

टेबलावर अल्बम उघडा होता. जुन्या प्लास्टिकचा आंबूस वास येत होता. कप्प्यांत नाणी होती, पण त्यांच्यावर हिरवट, चिकट थर पसरला होता, शेवाळलेल्या दगडासारखा. मॅडम त्याला हात न लावता दोन पावलं लांब उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"प्लास्टिकनं केलं हे," त्या म्हणाल्या. "उन्हाळे काढले नं याहीनं माळ्यावर. प्लास्टिक पाझरते अन् तांब्याले धरते. मले कसं नाही सुचलं गं माळा पाहाचं?"

मग त्यांनी कामाला सुरुवात केली. आधी आपला गॅस बंद केला. मग मला खाली पाठवून माझा सिलिंडर बंद करायला लावला, कारण त्या जे द्रव वापरणार होत्या ते, ॲसिटोन, भडकन पेटतं. सगळ्या खिडक्या उघडल्या. कप्प्यातून नाणं ओढून काढायचं नाही, कात्रीनं कप्पाच कापायचा. नाणं काचेच्या वाटीत, वरून ॲसिटोन, वाटीवर झाकण. थोड्या वेळानं तो चिकट थर सुटून यायचा. मग दुसरी वाटी, ताजं ॲसिटोन. नखांचा रंग काढायचं औषध चालणार नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, त्यात तेलं आणि वास घातलेले असतात, एक घाण काढून दुसरी लावायची नाही.

बहुतेक नाणी वाचली. काहींच्या थराखाली मात्र ती पोपटी भुकटी निघाली. ती नाणी त्यांनी वेगळ्या खोलीत नेली. भिंगाखाली धरून, लाकडी टूथपिकच्या टोकानं, कणाकणानं ती भुकटी उकरत बसल्या. हात एकदम स्थिर.

"माझ्या आईच्या छातीत गाठ होती," मान वर न करता त्या म्हणाल्या. "एवढीशी. हरभऱ्याएवढी. तिनं मला सांगितलं. मी तेव्हा एमएस्सीला होते. परीक्षा होती. बाबा म्हणाले, पाहू. आईपण म्हणे, परीक्षा होऊ दे, मग पाहू."

टूथपिक बदलली.

संध्याकाळी काम आवरलं, हात धुऊन आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो, तेवढ्यात माझा नवरा प्रशांत मला शोधत वर आला. तो विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीत एका कंपनीत आहे. येताना त्यानं समोसे आणले होते. मॅडमनी चहा टाकला. प्रशांत समोशाचे बारीक बारीक तुकडे करून एकेक तोंडात टाकत गप्पा मारत होता. मॅडम कप हातात धरून त्याच्याकडे बघत होत्या. चहा प्यायच्या थांबल्या.

"प्रशांत, समोसा असा तोडून काहून खातोस?"

मी चमकले. काहून.

"असाच खातो मी मॅडम."

"नाही. मागच्या साली तू माझ्या पुढ्यात बसून अख्खा आलूबोंडा तोंडात टाकला होता. तोंड उघड."

"अं?"

"तोंड उघड गा. पुरं."

तो हसत हसत उघडायला गेला, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की त्याचं तोंड पुरतं उघडतच नव्हतं. रोज त्याच्यासोबत जेवत होते मी. मॅडमनी मोबाईलचा टॉर्च लावला, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि त्याच्या गालाच्या आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टॉर्च बंद केला.

"आत पांढरा चट्टा हाय. उजव्या गालाले. खर्रा खातोस नं?"

प्रशांत खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खायचा. कंपनीच्या गेटवर झडती होते म्हणून पुडी गाडीच्या डिक्कीत ठेवायचा, हे मला माहीत होतं. मी भांडून भांडून थकले होते.

"कधी कधी," तो म्हणाला.

"उद्याच दाखव. दाताच्या मोठ्या दवाखान्यात."

"पाहू नं मॅडम. मार्चएंडचं काम अजून चालू आहे. पाहू."

मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागल्या. बेल वाजायची, प्रशांत दार उघडायचा, त्या एवढंच विचारत, "दाखवलं?" आणि नाही म्हटलं की परत वर. बसत नसत, पाणी घेत नसत. प्रशांतला आधी गंमत वाटली, मग राग यायला लागला. मला तर भीतीनं जेवण जात नव्हतं. तो झोपला की मी त्याच्या गालाकडे बघत राहायची, जणू बाहेरून काही दिसणार होतं. मी विनवलं, रडले, अबोला धरला. "तुम्ही दोघी मिळून मला आजारी पाडाल," तो म्हणायचा. पण मी पाहत होते, तो आरशापुढे उभा राहून गुपचूप गालात बोट फिरवायचा. त्याला भीती वाटतच होती. म्हणूनच जात नव्हता.

एका रविवारी सकाळी त्या आल्या तेव्हा त्याचा तोल गेला.

"दाखवलं?"

"नाही दाखवलं! नाही दाखवणार! मॅडम, तुमच्या आईले कॅन्सर झाला होता, वैशालीनं सांगितलं मले. मग तुम्ही स्वतःले कधी दाखवलं काय? कधी केली तुम्ही तपासणी? मले रोज येऊन भेवाडून राहिल्या!"

मी "प्रशांत!" म्हणून ओरडले. मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांचा हात वर आला, पदराखाली गेला आणि डाव्या बाजूला छातीशी थांबला. त्या हाताकडे आम्ही दोघांनीही पाहिलं. प्रशांतचा राग तिथल्या तिथे उतरला.

"मॅडम?" तो म्हणाला.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "वर्ष होऊन राहिलं."

मी त्यांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. कूलर त्यांच्या अंगावर येत होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "आंघोळ करताना हाताले लागलं. मी दुसऱ्या दिवशी जाणार होती. साडी नेसून तयार झाली होती. खालपर्यंत उतरली, ऑटोले हात केला. मग त्याले म्हटलं, जाऊ दे भाऊ, अन् वर आली." थोडं थांबून म्हणाल्या, "लोकांच्या वांग्याचं देठ पाहते मी. अन् हे नाही पाहू शकली. आईचा वास येते मले दवाखान्यात. शेवटच्या दिवसांतला."

प्रशांत त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. तो माणूस भावनेचं बोलणारा नाही. तो म्हणाला, "उद्या मी सुट्टी घेतो. आधी तुमचं करू, मग माझं."

"आधी तुझं," त्या म्हणाल्या.

"बरं. आधी माझं."

सोमवारी आम्ही तिघं गेलो. ते दोन-तीन आठवडे मला नीट क्रमानं आठवत नाहीत. रांगा, बाकं, प्लास्टिकच्या पिशवीत घेतलेली पाण्याची बाटली. दवाखान्याच्या पायऱ्यांशी मॅडमचे पाय थांबायचे. प्रशांत त्यांचा दंड धरायचा आणि त्या डोळे मिटून, वाट त्याच्यावर सोडून चढायच्या. आत गेल्यावर नाकाला रुमाल. त्याच्या गालाचा तुकडा काढला, त्यांच्या गाठीत सुई घातली, आणि मग निकालाची वाट पाहणं. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फोन वाजला की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची, म्हणजे पहिला शब्द माझ्या कानावर पडू नये.

प्रशांतचा निकाल आधी आला. पेशी बदलायला लागल्या होत्या, पण आजार आत शिरला नव्हता. तेवढा भाग कापून काढला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने उशीर केला असता तर हे बोलणं वेगळं झालं असतं. तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून रोज एक काडी वाढवायचा व्यायाम दिला. खर्रा सुटला. सहज सुटला नाही, चिडचिड करत, भिंतीवर मुठी आपटत सुटला.

मॅडमचं तसं नव्हतं. त्यांची गाठ आता हरभऱ्याएवढी राहिली नव्हती. काखेतही पसरलं होतं. ऑपरेशन झालं, मग केमो. पावसाळाभर त्या दवाखान्याच्या फेऱ्या मारत होत्या. भंडाऱ्याहून त्यांची भाची सुषमा येऊन राहिली. केस गेले, भुवया गेल्या. डोळे तेवढे मोठे मोठे दिसायला लागले. सुई लावायच्या आधी त्या नर्सला दरवेळी विचारायच्या, "हात धुतले का?" आणि तरीही सुई येताना माझा हात इतका घट्ट धरायच्या की माझ्या बांगडीचा वळ उमटायचा. भीती कमी झाली नव्हती. फक्त त्या आता भीतीसकट जात होत्या.

नाण्यांची खोली त्यांनी माझ्यावर सोपवली. ओलीचे दिवस होते. मी कढईत दाणे भाजायची, काट्याकडे बघायची, पाकिटं उघडून नाणी तपासायची. स्वतःचं भिंग त्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. एका दुपारी, बाहेर दिवसभराची झड लागलेली, मला एका शिवराईच्या कडेला तो रंग दिसला. फिकट पोपटी. मी टूथपिक लावली. गळला.

नाणं एक आहे, तांब्याचा तुकडा आहे, असं मी स्वतःला सांगत होते. पण त्या क्षणी ते नाणं नव्हतंच. आजारपणात खाट बाजूच्या खोलीत हलवली होती, तिथे मॅडम केमोनंतरच्या ग्लानीत पडल्या होत्या. दोन दिवस पोटात अन्न ठरलं नव्हतं. त्यांना सांगायचं कसं? सुषमा म्हणाली, "नका सांगू ताई. बरं वाटू द्या त्यांना, मग पाहू."

तो शब्द ऐकला आणि मी सरळ आत गेले.

"मॅडम, एका शिवराईला हिरवं आलंय."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं त्या उठून बसतील, कासावीस होतील. त्यांनी ओठ ओले केले आणि विचारलं, "केवढं?"

"मोहरीएवढं."

"बाजूच्यांना?"

"बाकी सगळी पाहिली. स्वच्छ आहेत."

"मग ते वेगळं कर. भुकटी उकर. पाण्यात टाक. रोज पाणी बदल." त्या थांबत थांबत, एकेक वाक्य दमानं बोलत होत्या, वर्गात लिहून देत असल्यासारख्या. मग म्हणाल्या, "तुले येते. मी पाहिलं तुले करताना. हात नको कापू देऊ."

मी ती शिवराई आणून तिथेच खिडकीजवळ बसले. त्यांनी कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं आणि मी काम संपवेपर्यंत बघत राहिल्या. भिंग डोळ्याला लावून मी एकेक कण उकरला. शेवटचा कण निघाला तिथे नाण्याला एक बारीक खड्डा राहिला. मी तो त्यांना भिंगातून दाखवला.

"राहू दे खड्डा," त्या म्हणाल्या. "थांबलं नं खाणं? बस."

दिवाळीनंतर उपचार संपले. तपासण्या चांगल्या आल्या. तरी डॉक्टर म्हणाले, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. एकटीनं राहणं आता जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी भंडाऱ्याला सुषमाकडे जायचं ठरवलं. नाणी त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजच्या संग्रहाला दिली. द्यायच्या आधी तिथल्या तरुण प्राध्यापिकेला आठवडाभर घरी बोलावून शिकवलं, आणि तिची बोटंही तपासली. खड्डा पडलेली ती शिवराई मला देऊ केली. मी नको म्हटलं, मला तिची काळजी पेलली नसती. त्यांना त्याचा राग आला नाही. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि तीही कॉलेजच्या डब्यात गेली.

त्यानंतर त्या तपासणीसाठी नागपूरला येत, पण सकाळी येऊन दुपारी परत. फोनवर बोलणं व्हायचं. पहिला प्रश्न प्रशांतच्या तोंडाचा, दुसरा माझ्या तपासणीचा. चाळिशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा तपासून घेतलं ते त्यांच्या धाकानं. दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी आजार हाडांत परत आला. आम्ही भंडाऱ्याला जाऊन आलो, पण ते दर्शन मी मनात ठेवलेलं नाही. तिथे त्या फार गुंगीत होत्या. त्यातच त्या गेल्या.

माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दिसणं त्या घर सोडून गेल्या त्या दिवसाचं आहे. जानेवारीतली सकाळ, कोवळं ऊन. सुषमाचा नवरा गाडी घेऊन आला होता. बिल्डिंगमधले लोक खाली जमले होते. बॅगा, गाद्या, भांड्यांची पोती डिक्कीत जात नव्हती, काढून पुन्हा लावणं चाललं होतं. प्रशांत दोरी आणायला धावला. मॅडमना आधीच पुढच्या सीटवर बसवलं होतं. डोक्यावर नुकतेच उगवलेले केस, पांढरे, मऊ, लहान बाळाच्या जावळासारखे. मी गाडीच्या त्या बाजूला गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.

त्या झोपल्या होत्या. इतक्या गलक्यात, लोक डिक्की आपटत असताना. मान खिडकीकडे कलली होती, तोंड जरासं उघडं, मांडीवरचे हात सैल. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होते आणि त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. कपाळावरची ती आठी नव्हती. कशावर तरी लक्ष ठेवून असलेलं ते ताणलेपण नव्हतं.

सुषमा म्हणाली, "ताई, उठवू का? तुम्हाला भेटायचं होतं ना?"

मी मानेनंच नको म्हटलं. प्रशांतनं दोरीला गाठ मारली. गाडी सावकाश मागे सरकली, गेटच्या उंचवट्यावरून हलकी उडाली, आणि त्या धक्क्यानंही त्या जाग्या झाल्या नाहीत.